रांजणातला झोका

नाना, डबे घरातून गेले, तरी कामावरून आलो की चपला काढण्याआधी मी दारातच थांबून अजून वास घेतो. जिन्याखाली आता नुसती वाळू आहे. तिच्यावर पाणी मारायचं काम उरलं नाही, म्हणून ती कोरडी पडली आहे. वास कसलाच येत नाही. तरी घेतो. तुमची लेक विमल स्वयंपाकघरातून म्हणते, "आता काय हुंगताय? वाळू पेटते का कुठं?" पेटत नाही, हे मलाही माहीत आहे. पण जी भीती दोन उन्हाळे घरात राहिली, ती डब्यांबरोबर जीपमध्ये बसून गेली नाही, इतकंच.

इथल्या वर्तमानपत्रात तुमच्यावर अर्धा रकाना आला. खान्देशात मूकपट काढणारा पहिला माणूस गेला, असं लिहिलं आहे. तुमचं वय दोन वर्षांनी कमी छापलं होतं. मी जाऊन दुरुस्ती सांगून आलो. बाकीचं त्यांनी विचारलं नाही आणि मला तिथं उभ्या उभ्या सांगता आलं नसतं. तुम्ही गेलात तेव्हा आपलं भांडण अर्धंच राहिलं होतं. त्या डब्यांचं काय करायचं, हे भांडण. विमल तुमच्या बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. ज्या एका गोष्टीसाठी आपण तिघं भांडत होतो ती वाचली की नाही, हे तुम्हांला कळायलाच हवं. म्हणून लिहितो.

तुम्ही आमच्याकडे जळगावला आलात तो दिवस मला टेम्पोच्या आवाजासकट आठवतो. एरंडोलकडच्या तुमच्या गावाहून टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरजवळ तुम्ही, मागं केळीच्या वाळल्या पानांत रोवून उभे केलेले तीन रांजण, तोंडं शेणमातीनं लिंपलेली. विमलनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण तुम्ही उंबऱ्याच्या बाहेरच उभे. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नाही, हे तुम्ही जन्मभर पाळलेलं. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं तुम्ही इथलं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. शेजाऱ्यांनी मुद्दाम विचारलं, "काय नाना, आता कायमचेच ना लेकीकडे?" तुम्ही रांजणांकडे बोट केलंत. "मी नही ऱ्हावाले उनू. ह्या रांजणं उनात. मी त्यासना राखणदार शे." राहायला रांजण आले, तुम्ही नुसते त्यांच्या सोबतीला, हे ऐकून सगळे हसले. मीही हसलो. राखणदार कशाला लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रांजणांत काय, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "मन्या फिल्मा." तुम्ही स्वतः काढलेल्या. त्यावर मी विचारलं, की या पेटतात का. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. आमच्या गेटवर मालकाच्या पाहुण्याचाही खिसा तपासतात आणि बिडी-काडी बाहेर ठेवायला लावतात. कापसाच्या गाठीत एकदा ठिणगी शिरली की ती आतल्या आत चालते, वरून गाठ पांढरीशुभ्र दिसते. गोदाम माझ्याकडे आहे, म्हणून मला हे झोपेतही दिसतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छे हो, काही होत नाही. तुम्ही उठलात. एका रांजणाचं लिंपण फोडून एका रिळाच्या टोकाची, चित्र नसलेली, बोटभर पट्टी कापलीत. अंगणात पाण्यानं भरलेली बादली मागवलीत. पट्टी चिमट्यात धरून काडी लावलीत, आणि पेटल्याबरोबर पाण्यात बुडवलीत. ती विझली नाही. पाण्याखाली बुडबुडे सोडत पिवळी ज्योत चिमट्यापर्यंत चालत आली. विमलनं टाळी वाजवली. मी बादलीपासून मागं सरलो.

आग लागली की पाणी मारायचं, एवढ्या एका गोष्टीवर माझी नोकरी उभी होती. गोदामात जागोजागी टांगलेल्या बादल्या भरलेल्या आहेत ना, हे मी रोज स्वतः बघतो. आणि तुम्ही मला अगदी शांतपणे, आपल्या मारक्या बैलाची खोड सांगावी तसं सांगत होता, की या जिनसेला बाहेरची हवा लागत नाही, ती आपली हवा पोटातच बाळगून असते. "म्हनीसन तं मी संगे उनू, जवाईबापू," असं तुम्ही वर म्हणालात. तुम्ही मला फसवलं नाहीत, नाना. फसवलं असतंत तर दोन वर्षं बरी झोप लागली असती.

त्याच दिवशी मी जिन्याखाली थर्मामीटर टांगला. आमचं घर स्लॅबचं. वैशाखात दुपारी वरच्या खोलीत बेचाळीस, खाली जिन्याजवळ एकोणचाळीस. तुम्ही रांजण गळ्यापर्यंत वाळूत पुरून घेतले आणि विमलनं सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी मारायचं ठरलं. मग काटा तेहेतीसवर आला. मी आकडा सांगितला की तुम्ही नुसते "हां" म्हणायचात, जसं काही रांजणानं शब्द पाळणारच होता.

रांजणावर तुमचा एवढा विश्वास का, हे मला फार उशिरा कळलं. एका दुपारी, वीज गेली म्हणून आपण दोघं जिन्याखालच्या गारव्याला बसलो होतो, तेव्हा तुम्ही सांगितलंत. तुम्ही मुंबईहून हातानं फिरवायचा कॅमेरा घेऊन आलात, गावातल्याच माणसांना उभं करून पहिलं चित्रण केलंत आणि मुंबईच्या रीतीप्रमाणं फिल्म हौदात धुतलीत. पण चैत्रातलं आपलं पाणी! वरचा मसाला विरघळला आणि चित्रं फिल्मवरून सुटून पाण्यावर तरंगू लागली, दुधावरची साय निघावी तशी. सगळा दरबार, राजाराणीसकट, हौदात वाहून गेला. तुम्ही हसत हसत सांगत होता, पण हातानं अजून पाण्यात काहीतरी पकडत होता. मग तुम्ही ओल्या वाळूत रांजण पुरले आणि उजाडायच्या आत त्यांतल्या गार पाण्यात फिल्म धुतली. चित्र धरलं. त्याच फिल्मा घेऊन तुम्ही पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत जत्रांतून तंबू लावलेत, पडद्याशेजारी उभं राहून राजाचं बोलणं आणि राणीचं रडणं आपल्या बोलीत स्वतः म्हटलंत. पुढं पडदाच बोलायला लागला आणि तुम्ही गावाकडे केळी लावायला परत गेलात. जाताना सात डबे त्याच रांजणांत ठेवलेत. खाली राख, वर कडुलिंबाचा पाला, झाकण, आणि तोंडाला शेणमाती. शेतकरी पुढच्या वर्षाचं बियाणं ठेवतो तसं. वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तोंड फोडायचं, रिळं उन्हं कलल्यावर उलगडून परत गुंडाळायची आणि पुन्हा लिंपायचं.

आखाजीलाच का, हे मी विचारलं नाही. विमलनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच मला सांगितलं होतं.

ती दोन वर्षांची असताना तिची आई तापानं गेली. फोटो एकही नाही. कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा फोटो नसावा, याचं मला नवल वाटायचं. तुम्हांला कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "हालती-चालती होती, तिला थांबवून कशाला काढू?" ती होती ती एका रिळात, दहा-बारा फुटांत, झोक्यावर. नवी नवरी, पहिलीच आखाजी, म्हणून धुळ्याजवळ पांझरेकाठी आपल्या माहेरी गेलेली. आखाजीत माहेरवाशिणीला झोका आणि गाणी, नवऱ्याचं तिथं काय काम? तुम्ही कॅमेरा खांद्यावर घेऊन पोहोचलात. झाडाखालच्या बायकांनी तुम्हांला सोडलं नाही. "आखाजी सरनी नही आन जवाई उना लेवाले!" "लेवाले नही वो, तो पेटीमा भरी ली जाई तिले!" पेटी म्हणजे तुमचा कॅमेरा. हे तुम्ही बायकांचा आवाज काढून सांगायचात आणि विमल दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

दर आखाजीला ती माहेरी आली की तुम्ही ती पट्टी सूर्यासमोर धरायचात. नखाएवढ्या चौकटीत झोक्यावरची बाई. खालच्या चौकटीत तीच, केसभर पुढं. तिच्या खालच्या चौकटीत आणखी केसभर. चेहऱ्याच्या जागी तांदळाएवढा उजेड. विमलनं आपली आई अशी पाहिली, थांबलेली, पुन्हा पुन्हा. प्रोजेक्टर तर तुम्ही तंबू गुंडाळल्यावर काही वर्षांतच गंजून गेला होता. हालताना तिला पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते आमच्या जिन्याशेजारी खाटेवर बसून सुपारी कातरत होतं.

"मला ती एकदा हालताना बघायचीय," विमल म्हणायची. तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. दागिना नाही, सहल नाही. आणि मी मनात म्हणायचो, ती पेटेल. तिची आई माझ्या घरात, माझ्या मुलांच्या झोपायच्या खोलीखाली, एक दिवस पेटेल.

मी पुण्याच्या सरकारी चित्रपट संग्रहाला पत्र टाकलं ते तुम्हांला विचारून टाकलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत. गेल्या हिवाळ्यात तिकडून बाई आल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी नाक वर केलं, मी करतो तसं. मला धीर आला, की या माणसाला समजतं. मग त्या रांजणाजवळ गेल्या आणि लिंपलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"नाना, हे बंद कुणी केलं?"

"मीच. बियाणं उघडं ठेवतं का कुनी?"

"बियाणं झोपलेलं असतं, नाना. ही फिल्म झोपत नाही. हिच्यातून सारखा वायू सुटतो. तो बाहेर गेला नाही तर तोच हिला खातो. तुम्ही ऊन बाहेर ठेवलंत आणि विष आत कोंडलंत."

तुम्ही पहिला रांजण फोडू दिलात. वरचा डबा उघडला तेव्हा आत राणीचा दरबार नव्हता. तपकिरी भुकटी होती. खालच्या डब्यात मधासारखं काहीतरी चिकट, आणि असा वास की डोळ्यांत पाणी आलं. गेल्या आखाजीला तर रिळं बरी होती, असं तुम्ही म्हणालात. बाई म्हणाल्या, बिघडायला लागली की ती मग थांबत नाही. चाळीस अंशांपुढं सतत राहिली तर तिला काडीचीही गरज नाही. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांनी सगळं तेव्हाच मागितलं. तुम्ही मान हलवलीत. झोक्याचा डबा तिसऱ्या रांजणात होता. त्याला तुम्ही हात लावू दिला नाहीत. "आखाजी व्हऊ द्या. पोरले दखाडसू, मंग ली जा."

त्या दिवशी तुम्ही सुपारी कातरली नाहीत. बाईंना चहा दिलात, त्या गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "रांजणानं मला दगा दिला, जवाईबापू." तुम्ही साठ वर्षं ज्या गोष्टीला जपणं म्हणत होता, ती गोष्टच फिल्मांना मारत होती. मी अडकित्ता तुमच्याजवळ सरकवला.

मग आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, निदान तोंडं उघडा. तुम्ही म्हणायचात, उघडलं तर तुमच्याच घरात वास सुटेल, तुम्हीच आधी पळाल. दोघंही बरोबर होतो. होळीला मी गल्लीतल्या पोरांना होळी पलीकडच्या मैदानात पेटवा म्हणून सांगायला गेलो तर ते म्हणाले, "काका, घरात दारूगोळा भरलाय का?" मी खोटं बोलत नाही म्हणून गप्प बसलो. तुम्ही ओट्यावरून ओरडलात, "हो रे, मन्हा दारूगोळा शे! दूर ऱ्हावा!" आणि त्यांनी खरोखरच लाकडं उचलून मैदानात नेली. माझी लाज तुम्ही आपल्या अंगावर घेतलीत. असं तुम्ही आधीही केलं होतं. ज्या वर्षी आमच्या गोदामाच्या मागच्या बाजूला गाठी धुमसल्या, त्या वर्षी तुम्ही गावाहून भर दुपारी निघून गेटवर येऊन बसला होता, ताकाची बरणी घेऊन. आग विझल्यावर मी काळ्या तोंडानं बाहेर आलो. माझे हात थरथरत होते, ते तुम्ही पाहिलंत आणि बरणी माझ्या हातात न देता मला स्वतः ताक पाजलंत. घरी जाऊन तुम्ही कुणाला एक शब्द सांगितला नाहीत. एवढ्यासाठी मी तुमचा ऋणी आहे, हे मी तुम्हांला कधी म्हणालो नाही. सासऱ्याला असलं काही म्हणायची आपल्यात रीत नाही.

शेवटचं भांडण होळीनंतरचं. मी म्हणालो, "नाना, हा उन्हाळा हे डबे काढणार नाहीत." तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या म्हणालात, "मी तरी काढसू का हाऊ उन्हाळा, ते सांगा पहिले." मी चिडलो. म्हणालो, विषय बदलू नका. तुम्ही विषय बदलत नव्हता.

तुमचं दिवसकार्य झालं तेव्हा जिन्याखाली काटा सदतीसवर होता, वाळू ओली असूनही. पुण्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, की गाडी वैशाखात पाठवू; रेल्वेनं किंवा एस.टी.नं आणू नये, मनाई आहे. विमल म्हणाली, "म्हणजे आखाजीपर्यंत थांबायचंच. नानांनी तसंच सांगितलं होतं."

"नानांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली होती," मी म्हणालो. "बादलीतली."

तिनं बसल्या बसल्या वाळूवर हातानं पाणी शिंपडलं. "आणि उघडल्यावर तिथं भुकटीच असली तर?"

मला त्याचीही भीती वाटत होती. रांजण लिंपलेला होता तोवर तिची आई आत होती. फोडल्यावर कदाचित नसती. नाना, खरं सांगतो, त्या क्षणी मला आगीपेक्षा या दुसऱ्या गोष्टीचं जास्त भय वाटलं.

शेवटी तीच उठली, रांजणांभोवतीची वाळू उकरायला.

रांजण आम्ही तुमच्याच मळ्यात नेले, उजाडताना, केळीच्या गारव्यात. बाईंनी पत्रात लिहिल्याप्रमाणं पाण्याचे हंडे भरून ठेवले, नाकाला ओली फडकी बांधली. विमलनं उलथण्यानं शेणमाती फोडली. सातांतले पाच डबे गेलेले होते. भुकटी, मध, एकात तर काळा दगड. ते ओले करून आम्ही पडीक तुकड्यात नेले आणि वाऱ्याची दिशा बघून लांबूनच पेटवले. मला वाटलं होतं कापसासारखा भडका होईल. तसं झालं नाही. एक फुसकार निघाला, पिवळा तपकिरी धूर उठला आणि दरबार, जत्रेतली माणसं, तुमचा सगळा मूकपट, आम्ही धड उभं राहायच्या आत संपला. तुमच्या सरणाला याहून फार वेळ लागला होता. विमल रडली ती तेव्हा, तुमच्या दहाव्याला नाही.

झोक्याचा डबा सहावा. त्याचं झाकण उघडलं तेव्हा वरचे पदर एकमेकांना चिकटलेले होते. वास होता. पण आतल्या कडा सरळ दिसत होत्या. उलगडू नका, अशी बाईंची सक्त ताकीद होती. विमलनं हात मागं घेतला. मी झाकण सैल ठेवलं आणि तो डबा आणि सातवा, दोन्ही नव्या माठात ठेवून माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं. पुन्हा मातीचं भांडं. पण या वेळी तोंड उघडं.

मी कायद्याबाहेरचं काही केल्याचं तुम्ही कधी पाहिलं नसेल. त्या दिवशी मात्र, असला माल न्यायचा परवाना नसताना, मी खासगी जीप ठरवली. सुपडू ड्रायव्हर ओळखीचा, म्हणून त्याला आधीच सगळं सांगितलं.

"डबामा काय शे, काका?"

"सिनेमा."

"मंग त्याले इतलं पानी कसाले पाजी ऱ्हायनात?"

मी सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि खिशातली बिडी-काडी काढून मळ्यातल्या गड्याच्या हातात ठेवली. "पुन्यालगून बिडी नही! पेटाना आधी मीच मरसू," म्हणाला आणि जीप सुरू केली.

माठ माझ्या मांडीवर. मागं पाण्याचे कॅन, विमल दर थोड्या वेळानं गोणपाटावर पाणी सोडायची. पारोळा गेलं, धुळं गेलं. धुळ्याच्या पुढं रस्ता तापायला लागला आणि खड्डा आला की मी माठ दोन्ही हातांनी उचलून धरायचो. विमलनं एका बाजूला बोट दाखवलं, तिकडं आजोळ. थांबायचं का, असं सुपडूनं विचारलं. ती म्हणाली, "नको. ज्याला झोका बांधायचे ते झाडच राहिलं नाही." मालेगावाजवळ डब्यातून वास वाढला असं मला वाटलं. मी जीप थांबवली, माठ रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ठेवला आणि दूर उभा राहिलो. विमल मात्र माठाजवळच बसून राहिली. मी ओरडलो, "इकडं ये!" ती म्हणाली, "तुम्हीच या इकडं." मी गेलो. तिनं माझा हात धरून गोणपाटावर ठेवला. गोणपाट नुसतं कोरडं पडलं होतं, एवढंच निघालं.

पुण्यात बाई रागावल्या. नियमानं रागावल्या आणि मग डबे आपल्या दोन्ही हातांनी आत घेऊन गेल्या. आम्हांला दोन दिवस थांबायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बोलावलं. अंधारी खोली, एक टेबल, त्यावर दुधी काच, काचेमागं थंड उजेड. दोन बाजूंना चकत्या, आणि हातानं फिरवायचा दांडा. बाई म्हणाल्या, "सातवा डबा उलगडायला वेळ लागेल. या रिळाचे वरचे पदर गेले. आतले वाचले. एकदाच दाखवते, मग ही छपाईला जाईल." मग मला, मी हिशेबी माणूस आहे हे ओळखून, म्हणाल्या, "त्या काळी सेकंदाला सोळा चौकटी. एका फुटात सोळाच चौकटी. म्हणजे एक फूट, एक सेकंद." बारा फूट उरली होती.

त्यांनी दांडा फिरवला.

नाना, ती हालली. आधी झोका रिकाम्या आकाशात गेला आणि परत आला तेव्हा त्याच्यावर ती होती. उभी, दोन्ही हातांनी दोर धरून, पायांनी फळी दाबत. लुगडं मागं उडत होतं. खाली बायकांच्या टाळ्या, आवाज नाही. ती उंच गेली, परत आली, आणि तिला तुम्ही दिसलात. कॅमेऱ्यामागं उभे. तिनं एक हात दोरावरून सोडला आणि तुम्हांला मूठ दाखवली. तोंड हललं. काहीतरी बोलली, काय, ते ऐकलेलं माणूस आता नाही.

हात सोडला तशी फळी तिरकी झाली. आणि तिथं अचानक सगळं हळू झालं. हवेचं पाणी झाल्यासारखं. ती एका हातावर तिरपी, पदर सुटलेला, तोंडावर अजून हसू, हळू, फार हळू पुढं आली, दुसरा हात दोराला लागला, आणि मग झोका पुन्हा आपल्या वेगानं निघून गेला. पट्टी संपली.

विमलनं माझं मनगट धरलं होतं. "ते हळू का झालं?" तिनं विचारलं. "यंत्र अडकलं का?"

"यंत्र बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दांडा मी एकसारखा फिरवला. हात नानांचा चुकला. कॅमेऱ्याचं हँडल जोरात फिरलं की चौकटी जास्त निघतात, आणि मग पडद्यावर माणूस हळू होतो. इथं त्यांनी एकदम जोरात फिरवलंय. घाबरले असणार. बायको पडते आहे असं वाटलं आणि हाताला कळलं नाही."

मी तुमच्याबरोबर दोन वर्षं त्या डब्यांशेजारी काढली. पाण्याखाली जळणारी पट्टी तुम्ही चिमट्यात धरलीत तेव्हा तुमचा हात माझ्यादेखत जराही हलला नव्हता. मी तुम्हांला नेहमी माझ्यापेक्षा वेगळ्या मातीचा माणूस समजत आलो. आणि इथं तुमची भीती चौकटी मोजून दाखवता येत होती. तुम्ही कॅमेरा टाकून धावला नाहीत. घाबरलात आणि फिरवत राहिलात.

बाई दिवा लावत म्हणाल्या, "छपाई करताना एवढ्या भागातल्या चौकटी गाळून वेग सारखा करता येतो. करू का? बघायला बरं दिसेल."

विमल माझ्याकडे बघत होती. तिनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. म्हणून मी बोललो.

"गाळू नका," मी म्हणालो. "त्यांचा हात चुकला, म्हणून ती दोन सेकंद जास्त दिसते."